सोपान शिपायाची मधपेटी

सोपान शिपायाला किळस फार. कासार आंबोलीत हे सगळ्यांना ठाऊक होतं. पौडच्या कचेरीतून सायकलवर घरी आला की आधी कोपरापर्यंत हात धुणार, तेही तीनदा, लाल साबणानं. लोक हसत. पण लहानपणी तो बापाबरोबर मेलेली गुरं ओढायला गेलेला होता. छप्पन साली दीक्षा घेऊन वस्तीनं ते काम सोडलं, तेव्हा सोपान बारा वर्षांचा होता. काम सुटलं, हाताचा वास काही गेला नाही, असं तो बायकोला, फुलाबाईला, एकदाच म्हणाला होता.

असा माणूस मधमाश्यांच्या नादाला लागला तो ऐंशी सालच्या बुद्धजयंतीला. विहारातल्या खिरीसाठी मध आणला होता त्याच्या थोरल्या चुलत भावानं, कोंडीरामनं. डोंगरातलं पोळं मुठीत पिळून आणलेलं. बाटलीच्या तोंडाशी चिरडलेल्या अळ्यांचा पांढरा थर आला होता. सोपानला पंगतीतच उमळून आलं. चारचौघांत तो सहसा बोलत नसे, पण त्या दिवशी बोलून गेला.

"दादा, जीव चिरडून बुद्धाम्होरं ठेवायचा का? पुढच्या साली मध मी आणणार. चोख."

"तू?" कोंडीराम म्हणाला. "माश्यांना आंघोळ घालून बसवशील बाबा."

पंगत हसली. सोपानचा शब्द मात्र सगळ्यांदेखत गेला होता.

आठ दिवसांचं शिबिर करून त्यानं लाकडी पेटी आणली, तीत सातेरी माश्यांचं मोहोळ बसवलं आणि दिवाळीनंतर ती परसात जांभळीखाली मांडली. पेटी उघडताना हाताला वासाचं काही लावू नका, असं शिबिरात बजावलेलं होतं. पण हात न धुता खाण्याच्या जिनसेला शिवायचं, हे सोपानकडून होईना. तो साबणानं तीनदा हात धुई, झाकण उचली, आणि माश्या सरळ हातावर तुटून पडत. बोटं सुजून गाजराएवढी होत. कचेरीत साहेबापुढं चहाची बशी धरवत नसे. एकदा माशी सदऱ्यात शिरली. शेजारच्या इंदूबाईनं धावत येऊन डंखावर उतारा म्हणून पाठीवर ताजं शेण थापलं, तेव्हा माश्यांना जितका भ्याला नव्हता तितका सोपान त्या शेणाला भिऊन विहिरीकडं पळाला.

"अवं, साबन तरी सोडा," फुलाबाई म्हणे.

"मग हात तसंच घालू व्हय?"

शिमग्याच्या सुमाराला पापणीवर डंख बसला. डोळा मिटला, अर्धं तोंड भोपळ्यासारखं झालं. त्यानंतर दोन महिने त्यानं पेटी उघडलीच नाही. माश्यांचं माश्यांना कळतं, असं म्हणून लांबूनच बघे.

बुद्धपौर्णिमा चार दिवसांवर आली तेव्हा झाकण काढणं भाग पडलं. आतून कुबट वास आला. पोळ्यांवर कोळिष्टकासारखं जाळं, त्यात किड्यांच्या काळ्या लेंड्या, आणि मेणातून वळवळत बाहेर येणाऱ्या पांढऱ्या गुबगुबीत अळ्या. मेणकिडा लागला होता. पोळ्याची लाकडी चौकट उचलताच पाचपन्नास अळ्या टपटप त्याच्या उघड्या पायावर पडल्या. एक बोटांच्या बेचक्यात शिरली. सोपान जांभळीला धरून ओकला. कोंबड्या धावत आल्या आणि अळ्या मटामटा खाऊ लागल्या. ते बघून तो पुन्हा ओकला.

"एक चौकट बरी हाय," फुलाबाई वाकून बघत म्हणाली. "माश्या बसल्यात तिच्यावर. मध मेणानं झाकलेला हाय."

"जाळून टाक सगळं."

"आन् तितं काय सांगशाल? पंगतीत बोलून बसलाय."

सोपान पुन्हा पेटीपाशी बसला. मूठभर माश्या ज्या चौकटीला धरून होत्या, तिच्यापर्यंत पोचायला मधलं जाळं हातानं ओढून काढावं लागलं. ते चिकट होतं, ओलं होतं, तुटता तुटत नव्हतं. वरून सात डंख बसले. त्याला डंखांचं काही वाटलं नाही. झाकलेला मध फुलाबाईनं सुरीनं कापून धुतल्या फडक्यातून गाळला. अर्धी बाटली भरली. उजेडात धरली तर सोन्यासारखी. सोपानला मात्र तिच्याकडं बघवेना.

पौर्णिमेला विहारात बाटली ठेवून तो उभ्यानंच बोलला, "माझ्या पेटीत किडे पडले व्हते. ह्यो मध ज्या चौकटीचा, तिला लागले न्हाईत. चालत असंल तर घ्या."

कोंडीराम म्हणाला, "म्हंजे माझ्या अळ्या मेलेल्या, तुझ्या जित्या."

लोक खदखदले. वस्तीतली सगळ्यात थोरली गोजराबाई पुढं झाली, तिनं बाटलीत बोट बुडवून चाटलं, आणि सगळी बाटली खिरीच्या पातेल्यात ओतली.

पंगत बसली. कोंडीरामनं दुसऱ्यांदा वाटी पुढं केली. सोपाननं पहिला घास तोंडात घेतला आणि तो तिथंच अडकला. गिळवेना, आणि समोर विहारातले भंतेजी बसलेले, थुंकताही येईना. शेवटी डोळे मिटून त्यानं तो कसाबसा खाली ढकलला. पुढं दोन दिवस त्याला अन्न गेलं नाही.