झोपाळ्याची तपासणी

आमच्या बागेत सुधारणा करण्याआधी नगरपालिकेच्या इंजिनिअरबाई नागरिकांचे समाधान मोजायला आल्या. त्यांच्या फाइलमधल्या नकाशात रंगीत कारंजे होते. सत्तरीच्या शिंदेकाकूंनी तो बाजूला सारला.

"कारंजं राहू दे गं. आम्हाला झोपाळा दे. मुलांच्या झोपाळ्यावर बसलं की वॉचमन शिट्टी मारतो."

"मोठ्यांचं वजन पेलतो का, बघावं लागेल," म्हणत फाइल खाली ठेवून बाईच मुलांच्या झोपाळ्यावर बसल्या. काकूंनी मागून ढकलले. वॉचमनने शिट्टी ओठांपर्यंत नेली आणि बाईंना ओळखून मुकाट्याने खिशात टाकली.

समाधान मोजायची रीत मला तेव्हा कळली: आधी फाइल खाली ठेवावी लागते.

तपासणी बराच वेळ चालली. उतरल्यावर बाईंनी नकाशातले कारंजे खोडले आणि तिथे झोपाळा काढला, दोघींना बसता येईल एवढा.