शाफ्टला काय होतं का?

दुकानात आल्यावर नमस्कार नाही, चमत्कार नाही. काका सरळ काउंटरवर उजवं कोपर टेकवायचे, हात काचेवर आडवा ठेवायचे आणि मग कोपर जागचं न हलवता पंजा सावकाश वर उचलायचे. नाग फणा काढतो तसा. पंजा वर जाऊन थांबला की विचारायचे, "शेठ, गाडी अशी उचलली, तर शाफ्टला काय होतं का?"

माझं आकुर्डीत मोटारसायकलच्या ऑइलचं आणि सुट्या भागांचं दुकान आहे. या काउंटरमागे उभं राहून मी जेवढी नाटकं पाहिली तेवढी नाट्यगृहात पाहिली नाहीत. थोडी स्वतःही केली आहेत. पहिल्यांदा हा प्रश्न ऐकला तेव्हा मी त्यांना पायांपासून डोक्यापर्यंत पाहून घेतलं. साठी उलटलेली, पांढरा शर्ट, खिशात चष्म्याचं घर, कानांवरून मफलर. म्हणालो, "काका, या वयात पुढचं चाक उचलून व्हीली मारताय? काकूंना सांगितलंय का?"

गिऱ्हाइकं हसली. तेही हसले, पण जरा उशिरा. "मी नाही हो. आमचं लेकरू मारतंय."

लेकरू म्हणजे त्यांची मुलगी. माण गावातल्या आयटी कंपनीत नोकरी आणि फिरायला भलीमोठी मोटारसायकल. या गाडीला साखळी नसते. इंजिनाची ताकद एका फिरत्या दांड्यातून मागच्या चाकाला जाते. तो दांडा म्हणजे शाफ्ट. काका लातूरकडचे. चाकणच्या एका कारखान्यात पेट्रोलच्या टाक्या रंगवण्यात त्यांचं आयुष्य गेलं. गाडीच्या वरच्या कातडीचं त्यांना सगळं ठाऊक, आतलं काहीच नाही. टाकीवर रंगाचा एवढासा टवका उडालेला दिसला तरी हळहळायचे. शाफ्ट मात्र त्यांनी जन्मात पाहिला नव्हता.

आणि काळजी कशाची, तर शाफ्टची.

मुलीने गाडी घेतली तेव्हा नातेवाइकांनी घर डोक्यावर घेतलं होतं. पोरीची जात, एवढी अवजड गाडी, उद्या पडली म्हणजे? तेव्हा काका सगळ्यांसमोर उठून उभे राहिले. "माझ्या लेकराला कुणी भ्या घालायचं नाही. मी पण घालणार नाही!" हे वाक्य त्यांनी मला इतक्यांदा आणि इतक्या ऐटीत ऐकवलं की माझंही पाठ झालं. म्हणजे शब्द देऊन बसलेला माणूस. आणि मग एके दिवशी रावेतच्या पुलावर, बसच्या खिडकीतून, त्यांनी ते पाहिलं.

"पुढलं चाक वर, बगा. पार आभाळाकडं. अन् मागल्या चाकावर माझं लेकरू."

पंजा तसाच वर थांबला होता. थोड्या वेळाने त्यांनी तो खाली घेतला, माझ्या काउंटरची काच स्वतःच्या रुमालाने पुसली आणि म्हणाले, "शाफ्टला लई ताण येत असंल, नाही का हो?"

तुम्ही ओळखलंच असेल. मीही ओळखलं होतं. पण असल्या माणसाला ओळखल्याचं दाखवायचं नसतं.

निगडीपासून भोसरीपर्यंत त्यांनी एक मिस्त्री सोडला नाही. जो तो सांगायचा, "काही होत नाही काका, दणकट असतो शाफ्ट. बिनधास्त!" वाईट बातमी ऐकून खचणारी माणसं आपण नेहमी पाहतो. हा माणूस चांगल्या बातमीने खचायचा. माझ्या स्टुलावर येऊन बसायचा आणि निकाल सांगायचा, "चिंचवडचा पण काही होत नाही म्हणतोय. मला काही कळंना गेलंय बगा." चेहरा असा, की जणू मोठ्या डॉक्टरांनीही हात टेकले.

शेवटी मलाच राहवेना. म्हणालो, "काका, प्रश्न अर्धाच विचारताय तुम्ही. उचलण्याचं सोडा, टेकवण्याचं विचारा."

"म्हंजी?"

मी काउंटरमागून बाहेर आलो, ही माझी खोडच आहे, आणि दुकानाच्या मधोमध प्रयोग लावला. बेताने उचललेल्या चाकामुळे शाफ्टचं फारसं बिघडत नाही. गाडी जोरात पळवताना येतो तेवढाच ताण. पण क्लच झटक्यात सोडून उचलली, किंवा वर असताना गॅस एकदम सोडून चाक दाणकन आपटलं, की धक्का सरळ शाफ्टच्या सांध्यात आणि मागच्या चाकाजवळच्या डब्यातल्या गिअरच्या दातांत! साखळी थोडी ढिली असते, थोडं पोटात घालते. शाफ्ट नाही घालत. पुढच्या शॉकअपचं तर विचारूच नका. दर वाक्याला मी काउंटर बडवत होतो.

"म्हंजी होतं!" काका स्टुलावरून उठलेच. "होतं की हो!"

"होतं, पण नीट नाही टेकवली तर..."

"ते 'तर' राहू द्या. हे तिला सांगा. असंच, काउंटर बडवत."

रविवारी दोघं तिच्या गाडीवर आली. ती पुढे, हे मागे, डोक्यावर दोन डोकी मावतील एवढं हेल्मेट. मी प्रयोग पुन्हा केला, पहिल्यापेक्षा रंगवून. ती हाताची घडी घालून ऐकत होती. गिअरच्या दातांपाशी आलो तेव्हा तिने माझ्याकडे नाही, वडिलांकडे पाहिलं. ते फळीवरचे ऑइलचे डबे वाचत होते, जणू या विषयाशी त्यांचा काही संबंध नाही. मान मात्र ताठ.

"बरं पप्पा," ती म्हणाली. "नाही उचलणार."

"माझ्यासाठी नको हं," ते घाईघाईने म्हणाले. "शाफ्टसाठी."

"हो. शाफ्टसाठीच."

दुकानापुढे स्पीडब्रेकर आहे. जाताना तिथे काका ओरडले, "हळू टेकव गं, शाफ्ट हाय!" तिने गाडी जवळजवळ थांबवली, पुढचं चाक अलगद चढवलं, उतरवलं, मग मागचं. काकांनी मागे वळून मला हात केला. निवडणूक जिंकल्यासारखा.

पुढे त्यांना छातीचं दुखणं जडलं. येणं कमी झालं. शेवटचे आले ते रिक्षाने. स्टुलावर बसून दम खाल्ला, कोपर टेकवलं, हात काचेवर आडवा ठेवला. पंजा उचलला गेला नाही.

मी हा असा. म्हणालो, "काय काका, आज गाडी उचलत नाही वाटतं?"

ते हसले. हसता हसता खोकले. "कशाला? शाफ्ट चांगलाय आता." मग त्यांनी रुमालाने काच पुसली. "शेठ, मी नसल्यावर बी नाही ना हो उचलणार ती?"

 मी वळून फळीवरचे डबे लावत बसलो.

दिवाळीच्या आधी काका गेले.

त्यानंतर एका सुट्टीच्या दुपारी ती एकटी आली. मागच्या डब्याचं ऑइल हवं होतं. मी बाटली काढून ठेवली. ती म्हणाली, "शेठ, त्या दिवशी छान केलंत तुम्ही."

"म्हणजे तुला माहीत होतं?"

"हळू टेकवली तर काही होत नाही, हे ना? आधीपासून. मी कधी आपटलीच नव्हती." बाटली तिने हातात फिरवली. "पप्पांनी मला कधी कशाला नको म्हटलं नाही. तेव्हाही 'नको' म्हटलं नाही."

काका माझ्याकडे ठेवून गेलेला प्रश्न जिभेवर आला होता. मी पैसे घेऊन गल्ल्यात टाकले.

ती निघाली तसा मी काउंटरमागून दारात आलो. रस्ता मोकळा, सिग्नलपर्यंत सरळ. अडवणारं कुणी नव्हतं.

स्पीडब्रेकरपाशी तिने गाडी जवळजवळ थांबवली. पुढचं चाक सावकाश चढलं, सावकाश उतरलं. मग ती क्षणभर थांबली, मागच्याला सावरून बसायला वेळ द्यावा तशी, आणि मागचं चाक अलगद खाली घेतलं.

मागच्या सीटवर कुणीच नव्हतं.