भिंत पुसायची कणीक

सगळ्यात मोठ्या गिऱ्हाइकानं ऑर्डर कॅन्सल केल्याचं वॉल्टरनं मला गोडाउनमध्येच सांगितलं. आमच्या मागे छतापर्यंत डबे रचलेले होते आणि ते आता कुणालाच नको होते.

वॉल्टर आमचा मालक. मी त्याच्याकडची एकुलती एक केमिस्ट. मिनेसोटातल्या या छोट्या फॅक्टरीत आम्ही वॉलपेपर पुसायची कणीक बनवायचो. फायरप्लेसची काजळी भिंतीवरच्या कागदावर बसते. ओलं फडकं मारलं तर कागद फाटतो. म्हणून हा मऊ गोळा भिंतीवरून फिरवायचा, तो काजळी उचलून घेतो. पण आता फायरप्लेसही गॅसवर चालायला लागल्या, काजळीच उरली नाही, आणि वॉलपेपरही धुता येणारा निघाला.

"स्प्रिंगपर्यंत चालवू," वॉल्टर म्हणाला, "मग कुलूप."

नवरा आणि मुलगी माझ्या व्हिसावर. नोकरी गेली की दोन महिन्यांत दुसरी शोधा, नाहीतर सामान बांधा.

त्याच आठवड्यात माधवीचा फोन आला. ईडन प्रेरीतल्या आमच्या मंडळात मुलांना गणपती करायला तीच शिकवते.

"अगं, शाडूची शिपमेंट अडकलीय यार. तुझ्या फॅक्टरीतलं ते कणकेसारखं आण ना!"

"त्यात सॉल्व्हंट असतं. मुलांच्या हातात कसं देऊ?"

"मग काढ ते. केमिस्ट तू आहेस ना?"

काढलं. सॉल्व्हंट म्हणजे काजळी सोडवणारं द्रव्य. ते गेल्यावर उरलं काय, तर मैदा, पाणी, जरासं मीठ आणि तेल. चिरा पडायला लागल्या म्हणून उकडीला लावतो तसा आणखी तेलाचा हात लावला. कच्च्या मैद्याचा वास मला सहन होईना, म्हणून वेलचीचा अर्क घातला. हे आपल्याच माणसाला सुचणार!

शनिवारी मुलं जागची हलली नाहीत. तुटलेली सोंड नुसती दाबली की परत बसायची. मी खूश होते. तेवढ्यात माधवीच्या धाकट्या मुलीनं, ईरानं, गणपतीपुढचा त्याच कणकेचा मोदक उचलला आणि तोंडात टाकला.

"It smells like the real one, मावशी!"

पॉयझन हेल्पलाइनला फोन लावला. काय काय घातलंय ते ऐकून तिकडची बाई म्हणाली, पाणी पाजा, लक्ष ठेवा. ईराला काही झालं नाही. माधवी मात्र महिनाभर माझ्याशी तुटक बोलत होती.

सोमवारी मी वेलची काढली आणि साबणासारखा वास घातला. मीठ इतकं वाढवलं, की जिभेला लागताच मूल थुंकलंच पाहिजे. मिठामुळे बुरशीही लवकर धरेना. मग एक लाल गोळा वॉल्टरच्या हातात दिला.

"हे काय?"

"खेळणं. मिक्सर तोच, डबे तेच."

आमचं बोलणं संपलं तेव्हा त्याच्यासमोर त्या गोळ्याचा एक वाकड्या पायांचा कुत्रा उभा होता.

टेस्टिंग झालं. गव्हाची ॲलर्जी असणाऱ्यांसाठी डब्यावर सूचना छापली. प्रीस्कूलवाले मागायला लागले, मग दुकानं. फॅक्टरी दोन शिफ्टमध्ये चालू झाली. वाटलं, सुटलो.

मग खेळण्यांच्या एका मोठ्या कंपनीची माणसं आली. त्यांना सगळी प्रोसेस मीच समजावली, आणि फुशारकीनं म्हणाले, "इतकी सोपी आहे, की कुणीही करू शकेल." त्यांनी छान मान डोलावली.

वॉल्टरनं रेसिपी आणि नाव विकलं. फॅक्टरी त्यांना नको होती.

"आणि मी?" मी विचारलं.

"त्यांची स्वतःची लॅब आहे. मी सांगून पाहिलं. ते म्हणाले, याला केमिस्ट कशाला लागतो?"

त्याला माझ्याकडे बघवत नव्हतं. मला रडू आलं, आणि त्याहून जास्त राग आला, तोही कुणावर काढावा कळेना. गरज सरो, वैद्य मरो.

दोन महिन्यांत नोकरी मिळाली नाही. हे मी नागपूरहून लिहितेय. मुलगी अजून इथल्या शाळेत कुणाशी बोलत नाही. ती कणीक मात्र तिकडे जोरात खपते म्हणे.

नव्या केमिस्टांना एवढंच सांगेन: वस्तू सोपी जरूर करा. पण ती सोपी आहे हे विकत घेणाऱ्याला आपल्या तोंडानं सांगू नका.