रशीदभाई आणि उसापलीकडची विहीर

रशीदभाई बिनतारी यंत्राची परीक्षा पायांनी घेत. जोडीतलं एक यंत्र पाण्याच्या टाकीवर ठेवायचं, दुसरं हातात धरून विहिरीकडे चालत सुटायचं आणि निरोप तुटला की तिथल्या दगडावर चुन्याची रेघ ओढायची. आखाडा बाळापूरला त्यांचं मोटर दुरुस्तीचं दुकान होतं. शाळा सातवीपर्यंतच झालेली. पण बिनतारी यंत्रांबद्दल इतकं स्वच्छ बोलणारा माणूस मला दुसरा भेटला नाही.

टाकी भरली की विहिरीवरची मोटर आपोआप बंद व्हावी, असं आमच्या गावानं ठरवलं. मी गावचा मास्तर आणि पाणी समितीचा सचिव. रशीदभाईंना विचारलं, तर म्हणाले, "गुरुजी, ब्लूटूथ ओसरीपुरतं. वायफाय अंगणापुरतं, लई तर मोकळ्या रानापुरतं. सिमचा कारभार टॉवरच्या मर्जीवर. आपल्याला 'टाकी भरली' एवढंच सांगायचं हाय. रेडिओचं यंत्र घ्या. हळू बोलतं, पर लांब जातं."

समितीला मात्र शहरातल्या विक्रेत्याचं वायफाय आवडलं. त्यात विहिरीचं चित्र मोबाइलवर दिसायचं. चाचणी झाली भर उन्हाळ्यात, रान उघडं असताना. सगळं झकास चाललं. रशीदभाई म्हणाले, "मधल्या रानात ऊस डोक्याच्या वर जाऊ द्या, मंग मोजू." सगळे हसले. मीही हसलो. वर गळ घालून जोडणी त्यांच्याकडूनच करून घेतली.

दिवाळीपर्यंत ऊस वाढला आणि निरोप अडला. मोटर चालूच राहिली, विहीर उपसली गेली, मोटर जळली. ऐन सणात बायका हंडे घेऊन हिंडल्या. ग्रामसभेत विक्रेत्याचं नाव कुणी काढलं नाही. वायरी कुणी जोडल्या, एवढंच विचारलं गेलं. एक जण तर म्हणाला, "यानंच मुद्दाम बिघडवलं असंल!"

रशीदभाईंनी माझ्याकडे पाहिलं. "गुरुजी, मी काय सांगितलं व्हतं, ते तुमीच सांगा."

सरपंच समोर होते. वायफायच्या ठरावावर माझी सही होती. मी वही चाळत बसलो. याला भेकडपणाच म्हणतात.

त्यानंतर दुकानात दुरुस्तीला मोटरी येईनाशा झाल्या. दुकान बंद करून ते लेकीकडे नांदेडला गेले. पुढं माझ्या सांगण्यावरून गावानं रेडिओचंच यंत्र बसवलं; ते भर उसातही चालतं. ही युक्ती सुचवल्याबद्दल सरपंचांनी माझा सत्कार केला आणि मी तो घेतला.

त्याच संध्याकाळी मी रशीदभाईंना फोन लावला. म्हटलं, "तुमचंच बरोबर होतं."

ते म्हणाले, "हे मला काहून सांगून राहिले, गुरुजी? मला ठाऊकच व्हतं. सभेत सांगायचं व्हतं."