इन्व्हर्टरवरचा एक पॉइंट

आमच्या घरात तेव्हा कॉम्प्युटर दोन होते. एक माझा आणि एक बायकोचा, म्हणजे माझाच जुना. या दोघांच्या फायली ठेवायला मला तिसरा हवा होता. तिसरा कॉम्प्युटर म्हटलं असतं तर बायकोने उंबरठ्यातच अडवला असता, म्हणून मी त्याला सर्व्हर म्हणायला लागलो. सर्व्हर म्हटलं की समोरचा माणूस जरा दबतो.

बाबांनी विचारलं, "त्यात ठेवणार काय?"

"विहारातले कार्यक्रम. वर्षावासाची प्रवचनं, जयंतीचे व्हिडिओ. सीडी खराब होतात, बाबा. यात कायमचं राहील."

बाबा विहाराच्या कमिटीवर होते. ते लगेच म्हणाले, "मग कर. समाजाचं काम आहे."

विहाराचं एक फोल्डर त्यात पुढे खरोखर होतं. बाकी डिस्क कशाने भरली ते फार खोदू नका. साउथचे हिंदीत डब केलेले पिक्चर होते, एवढं सांगतो.

आता सर्व्हर चोवीस तास चालू हवा, आणि अंबरनाथला वीज काही चोवीस तास नव्हती. भारनियमनाचे दिवस. दुपारी एकदा जायची, संध्याकाळी एकदा जायची, आणि मूड लागला तर वेळापत्रक बाजूला ठेवूनही जायची. तेव्हा मदरबोर्ड असा घ्यायचा की कमीत कमी वीज खाईल आणि इन्व्हर्टरवर निवांत चालेल. इथपर्यंत माझं डोकं ठिकाणावर होतं.

मग मी आनंदनगरच्या आमच्या कंपनीत, परचेसच्या टेबलावर बसून, कामाच्या नावाखाली महिनोन्‌महिने मदरबोर्ड वाचले. मोठा बोर्ड नको, त्याचा प्रोसेसर शेगडीसारखा तापतो. हवा तो छोटा चौकोनी बोर्ड, ज्यावर प्रोसेसर कंपनीतूनच डकवून येतो. वर नुसता ॲल्युमिनियमचा हीटसिंक, पंखा नाही. पंखा नाही म्हणजे धूळ खाऊन तो अडकायची भीती नाही. कंपनीसाठी पंप घेताना मी एवढा अभ्यास केला असता तर मला प्रमोशन मिळालं असतं.

बोर्ड मिळाला उल्हासनगर कॅम्प एकमधे. दुकानदार सिंधी, बोलायला गोड आणि मोठा बोर्ड गळ्यात मारायला टपलेला.

"भाऊ, इसमें पंखा ही नहीं है. बिना पंखे का बोर्ड, बिना छत का मकान."

"साईं, पंखाच नको आहे मला. वो ही तो बात है."

मी बोर्ड उजेडात धरला आणि त्यावरच्या कॅपॅसिटरच्या बारक्या डब्यांवरून बोट फिरवायला लागलो. त्या वर्षांत खराब कॅपॅसिटरचे बोर्ड फार आले होते. डबीचं डोकं फुगलं की बोर्ड लवकरच जाणार असं समजायचं. मी एकेक डोकं चाचपत होतो.

"भाऊ, टमाटर नहीं है," दुकानदार म्हणाला, "दबा दबा के क्या देखता है?"

मी हसलो. मनात म्हटलं, हस लेका, तुला काय कळतंय. सगळी डोकी सपाट निघाली. बोर्ड मी छातीशी धरून घरी आणला.

मग त्याचं वजन करायचं, म्हणजे तो वीज किती खातो ते बघायचं. घरातलं सगळं बंद केलं, फ्रीजसुद्धा, एकटा सर्व्हर चालू ठेवला आणि खाली जिन्याजवळ मीटरसमोर घड्याळ घेऊन बसलो. मीटरचा लाल दिवा जितका सावकाश मिचकेल तितकी वीज कमी. दिवा इतका सावकाश मिचकत होता की मला भरून आलं. तेवढ्यात शेजारच्या काकू भाजी घेऊन आल्या.

"लाइट गेली का रे?"

"नाही काकू, मोजतोय. आमचा सर्व्हर ट्यूबलाइटपेक्षा कमी खातो. तुमचा तो जुना फ्रीज बघा एकदा मोजून, गळका नळ आहे तो."

"माझा फ्रीज चालू तरी आहे," काकू म्हणाल्या. "तुझ्या बायकोचं श्रीखंड आंबलं असेल वर. जा आधी."

या मोजणीत एक बारीकशी गोष्ट राहिली. मोजताना हार्डडिस्क एकच लावली होती. पुढे मी लोभाने चार लावल्या, त्याही जुन्या, खडखडणाऱ्या, आणि त्यांना वीज द्यायला कपाटातलं एक भंगार एसएमपीएस. परत मोजायला मात्र मी खाली गेलो नाही. मी निवडलेल्या मदरबोर्डवर माझा विश्वास होता.

आमच्या इन्व्हर्टरला बॅटरी एक. इलेक्ट्रिशियनने त्याची वेगळी लाइन ओढली होती: हॉलमधला पंखा, एक ट्यूब आणि एक पॉइंट. तो पॉइंट बाबांचा होता. रंगाच्या कारखान्यात आयुष्य घालवून त्यांनी घरी दमा आणला होता, आणि छाती भरली की औषधाची वाफ देणारं मशीन, नेब्युलायझर, ते तिथे लावायचे.

तो पॉइंट मी सर्व्हरला घेतला. एक्स्टेंशन लावून दोन्ही चालली असती, पण मशीनची मोटर सुरू झाली की व्होल्टेजला झटका बसायचा आणि माझा सर्व्हर रिस्टार्ट व्हायचा. म्हणून मी बाबांना समजावलं, "तुमचं मशीन दिवसातून थोडाच वेळ लागतं. लाइट असताना वाफ घेऊन टाकत जा ना."

बाबांनी मान डोलावली. वर्तमानपत्रातलं भारनियमनाचं वेळापत्रक कापून त्यांनी आरशाला अडकवलं आणि त्याप्रमाणे वाफ घ्यायला लागले. मला त्यात काही गैर वाटलं नाही. उलट घराला शिस्त लागली असं वाटलं.

एका संध्याकाळी वेळापत्रकाबाहेर वीज गेली. दुपारीही गेलेली होती. बाबा खुर्चीत बसले होते. थोड्या वेळाने त्यांचा श्वास ऐकू यायला लागला, शिट्टीसारखा. ते उठले, मशीन घेऊन पॉइंटपाशी आले. तोंडाला मास्क, हातात प्लग. आणि माझ्याकडे बघत उभे राहिले.

मी म्हणालो, "बाबा, एक मिनिट. असा प्लग नाही काढायचा. नीट शटडाउन करतो, नाहीतर डिस्क जाईल."

सर्व्हरला स्क्रीन नव्हती. शटडाउन करायला बायकोचा कॉम्प्युटर लागायचा, आणि तो वीज नसल्याने बंद. हे मला आठवेपर्यंत मी त्या कॉम्प्युटरचं बटण दोनदा दाबलं. बाबा उभेच होते. खांदे वरखाली होत होते, पण प्लग हातात धरून ते थांबले होते, कारण मी थांबा म्हटलं होतं, आणि आत विहाराची प्रवचनं होती.

बायको स्वयंपाकघरातून आली. तिने एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि सर्व्हरचा प्लग उपटून काढला.

"त्यांच्या छातीला पण शटडाउन करून घ्या आता," ती म्हणाली.

मशीन घरघरलं, थोडी वाफ आली, आणि इन्व्हर्टर लांब ओरडून बंद पडला. ट्यूब गेली, पंखा गेला. दुपारीही आणि आताही चार डिस्का त्याच बॅटरीवर फिरत होत्या.

बाबांना आम्ही धरून काकूंकडे नेलं. त्यांच्या इन्व्हर्टरवर मशीन लावलं. बाबा त्यांच्या सोफ्यावर, बनियनवर, मास्क धरून बसले. मला वाटत होतं की काकूंनी एखादा टोमणा मारावा. म्हणावं, की तुझा ट्यूबपेक्षा कमी खाणारा कुठाय? काकूंनी फक्त विचारलं, "पंखा त्यांच्याकडे फिरवू का?" आणि मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिलो. श्वासाची शिट्टी हळूहळू बारीक झाली.

बोर्डाला काही झालं नाही. डिस्कनाही नाही. तो बोर्ड पुढे कित्येक वर्षं चालला, बिनपंख्याचा. निवड माझी अचूक होती, हे मी कुणाला सांगू शकलो नाही.

दुसऱ्याच दिवशी मी सर्व्हर आतल्या खोलीत साध्या पॉइंटवर हलवला. वीज गेली की तो बंद. हॉलमधला पॉइंट रिकामा केला, बाबांना दाखवला. "हा तुमचाच आता. केव्हाही लावा."

बाबा हो म्हणाले. पण त्यांना सवय लागली होती ती गेली नाही. छाती भरली की ते मशीन घेऊन त्या रिकाम्या पॉइंटपाशी यायचे, वाकायचे आणि मी घरात असलो की प्लग हातात धरून आत आवाज द्यायचे, "लावू का रे? तुझं काही चालू नाही ना?"