झांकीला दिलेला जनरेटर

अप्पासाहेब फणसे गेले त्याला वर्ष होत आलं, आणि मला अजून त्या ट्रस्टच्या माणसांचं तोंड बघवत नाही. पण बघावं लागतं. आठवड्यातून तीनदा स्नेहलतागंजातल्या त्यांच्याच डायलिसिस सेंटरमध्ये मी हात पुढे करून पडते. किडन्या गेलेल्या माणसाला रुसणं परवडत नाही.

अप्पासाहेब माझ्या शेजारच्या पलंगावर असत. पणजोबा होळकरांच्या फौजेत घोडेस्वार होते, हे प्रत्येक नव्या पेशंटला ऐकावंच लागे. स्वतः ते परदेशीपुऱ्याजवळच्या कापडमिलमध्ये इलेक्ट्रिशियन. मिल कधीच बंद पडली, पण अनंत चतुर्दशीची तिची झांकी बंद पडली नाही. संध्याकाळी सगळ्या मिलवाल्यांचे रोषणाईचे चित्ररथ निघतात आणि अख्खं इंदूर रस्त्यावर येतं. त्या झांकीचं लाइटिंग अप्पासाहेबांनी निम्मं आयुष्य केलं होतं.

माणूस तिरसट. सेंटरमध्ये पहिल्याच दिवशी त्यांनी टेक्निशियनला, निखिलला, विचारलं, "लाइट गेली तर ह्या नळ्यांतलं माझं रक्त कुठे जाणार?" निखिल हसला. त्या हसण्यावर अप्पासाहेब जे बिथरले ते शेवटपर्यंत. ट्रस्टचे सेक्रेटरी दत्तोपंत यांचा त्यांनी इतका पिच्छा पुरवला की सेंटरला जनरेटर आला. मग निखिलच्या मागे लागले. मशीनच्या पंपाला एक हँडल असतं. वीज गेली तर ते हाताने फिरवून रक्त पेशंटच्या अंगात परत पाठवायचं. ते अप्पासाहेब त्याच्याकडून दर महिन्याला करून घेत.

"अप्पासाहेब, मशीनमध्ये बॅटरी आहे ना. टेंशन क्यों लेते हो?"

"बॅटरी म्हातारी झाली की माझ्यासारखीच दगा देते. फिरव."

आम्हालाही सोडलं नाही त्यांनी. पूर येवो, कर्फ्यू लागो, डायलिसिस चुकला तर पाणी घोटभरच प्यायचं, पोटॅशियम वाढवणारं केळं आणि नारळपाणी समोर आलं तरी तोंड फिरवायचं, औषधं आणि रिपोर्टची झेरॉक्स एका पिशवीत घालून दाराशी टांगायची. ऐकून ऐकून आमचे कान किटले. आणि भिंतीवर दत्तोपंतांच्या सहीची पाटी लावून घेतली: जनरेटर नसेल तर कुणालाही मशीनवर घेऊ नये.

मागच्या वर्षी चतुर्दशीच्या आदल्या दिवशी झांकीवाल्यांचा भाड्याचा जनरेटर जळाला. ते थेट दत्तोपंतांकडे आले, आणि दत्तोपंतांनी आमचा देऊन टाकला. आमच्या इथे बाप्पाच्या कामाला नाही म्हणायची जीभ कुणाला नाही. मंडळ मागायला आलं की माणूस आधी हो म्हणतो, मग काय दिलं ते बघतो. त्या संध्याकाळी आम्ही सगळे दत्तोपंतांच्या घरी गणपतीच्या आरतीला जमलो होतो, तिथेच अप्पासाहेबांना कळलं.

"दत्तोपंत, जनरेटर हलवायचा नाही."

"अहो, एक दिन की तो बात है. बाप्पाचं काम आहे, नाही कसं म्हणायचं? आणि तुम्ही तर झांकीवालेच!"

"झांकीवाला आहे म्हणूनच सांगतोय. झांकी अंधारात राहिली तर लोक घरी जातील. आम्ही कुठे जायचं?"

"शुभ शुभ बोला हो. चतुर्दशीच्या दिवशी लाइट जात नाही."

सकाळी टेम्पोतून जनरेटर गेला. दुपारी आमची पाळी. अप्पासाहेबांनी पाटीकडे बोट दाखवलं, दत्तोपंत फोनवर निखिलला म्हणाले, "मी सांगतोय ना, लगा दो." अप्पासाहेबांच्या अंगात तीन दिवसांचं पाणी साठलेलं, दोन पावलांत धाप लागत होती. शिव्या देत ते पलंगावर पडले. न पडून करणार काय?

अर्धा तास झाला असेल. पावसाची मोठी सर आली आणि लाइट गेली. माझ्या मशीनची बॅटरी चालली, त्यांची बसली. निखिलने हँडल बरोबर फिरवलं आणि रक्ताचा थेंब न् थेंब अंगात परत गेला. मग त्याने आम्हा सगळ्यांनाच मशीनवरून उतरवलं. त्या दुपारी मशीनवर कुणी मेलं नाही ते फक्त त्या तिरसट माणसामुळे, हे मी कुणालाही तोंडावर सांगेन.

तासाभरात लाइट आली. अप्पासाहेब म्हणाले, "मला परत लाव. श्वास पुरत नाही." निखिलने फोन केला. पण आता दत्तोपंत पुरते घाबरले होते. स्पीकरवर आम्ही सगळ्यांनी ऐकलं: "बिलकुल नहीं. जनरेटर नाही तर मशीन नाही. नियम है, अप्पासाहेबांचाच आहे. उद्या सकाळी जनरेटर येईल, तेव्हा बघू."

दोन तासांपूर्वी जो नियम पायदळी तुडवला तो आता त्यांना पाठ झाला होता. अप्पासाहेबांनी एकदा पाटीकडे बघितलं आणि निखिलला म्हणाले, "दुसरीकडे फोन लाव."

निखिलने दोन हॉस्पिटलांत फोन केले. जागा मिळाली ती शहराच्या पलीकडे. प्रेमलताकाकू, त्यांच्या पत्नी, घरून दाराशी टांगलेली ती पिशवी घेऊन आल्या आणि त्यांच्याबरोबर ॲम्ब्युलन्समध्ये बसल्या. तोवर झांक्या निघाल्या होत्या आणि रस्ते बंद होते. लोक वाट द्यायला तयार होते, पण सरकायला जागाच नव्हती. काकू सांगतात, काचेवर रंगीत उजेड पडत होता. अप्पासाहेबांनी मान वळवून बघितलं आणि म्हणाले, "लाइटिंग छान जमलंय पोरांना." ते हॉस्पिटलपर्यंत पोचले नाहीत.

वर्षश्राद्ध जवळ आलं म्हणून परवा सेंटरमध्ये सभा झाली. फोटोला हार घातला. दत्तोपंतांनी फोटोपुढे डोकं टेकलं, आणि ते अगदी मनापासून होतं. त्याचीच मला जास्त चीड आली. ते म्हणाले, "यंदाची झांकी अप्पासाहेबांना समर्पित. विषय, संकट आणि आपली तयारी. पलंगावर पेशंट, शेजारी मशीन, निखिल हँडल फिरवतोय, सगळं हलतं-चालतं. ऐसी झांकी इंदौर ने देखी नहीं होगी."

प्रेमलताकाकूंनी डोळ्यांना पदर लावून हात जोडले. मला राहवलं नाही.

"दत्तोपंत, आणि जनरेटर?"

त्यांना प्रश्न कळलाच नाही. माझी काळजी मिटावी म्हणून ते मायेने हसले.

"अपना है ना, शालिनीताई. बाहेरून कशाला आणायचा?"