एका राज्याचा कोळसा

एका अख्ख्या राज्याचा कोळसा मी दोन दिवसांत संपवला आहे. ते राज्य आमच्या पायलच्या कॉम्प्युटरवरच्या खेळात होतं, म्हणून मी अजून घरी आहे एवढंच!

पायल माझी लेक, बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला. तीन वर्षांपासून ती इंटरनेटवर सहा मैत्रिणींबरोबर हा खेळ खेळते. त्यात प्रत्येकीचा एक धंदा, आणि आमची पायल लोहारीण. कच्चं लोखंड भट्टीत गाळायचं, कांबी काढायच्या, त्या खेळातल्या बाजारात विकायच्या. गाळता गाळता अनुभवाचे गुण मिळतात आणि माणूस एकेक पायरी वर चढतो. साठाव्या पायरीवर तिला एक ढाल बनवता येणार होती. ती ढाल घेऊन रविवारी संध्याकाळी सातही जणी राक्षसाच्या डोंगरावर जाणार होत्या. ढाल नाही तर पायल नाही. तिच्या जागेवर दुसरी एक मुलगी डोळा ठेवून बसलेलीच होती.

आणि नेमकं त्याच आठवड्यात कॉलेजचं शिबिर निघालं! तेही गडचिरोलीकडच्या जंगलात, जिथे रेंज सोडून सगळं मिळतं.

"बाबा, तुमी सुट्टीवर हाय ना? मंग एवढं करा," म्हणत तिने माझ्या हातात एक कागद ठेवला. "साध्या लोखंडाच्या कांबीत नफा हाय, पण अनुभव थोडासाच. पोलादाले कोळसा लागते. त्यात पैसे जाते, पण अनुभव भरपूर मिळते. म्हणून बुधवारपर्यंत लोखंड करून नफा जमवा, अन् गुरुवारपासून त्या पैशात पोलाद. कागदावर लिवलं तेवढंच करजा. डोकं नोका लावू."

"तू कोणाले सांगून राह्यली? अठ्ठावीस वर्षं कोल यार्डात काढले मी!" (ऊर्जानगरच्या वीज केंद्रात कोळशाच्या यार्डात माझी नोकरी. हे वाक्य मी घरात भाजी निवडतानाही म्हणतो.)

सोमवार झकास गेला. बटन दाबा, कांब काढा, विका. संध्याकाळपर्यंत नाण्यांचा ढीग लागला. स्वयंपाकघरातून बायको, म्हणजे मंदा, ओरडली, "अवो, गॅस बुक करा! हे सिलिंडर संपत आलं, अन् दुसरं रिकामंच हाय!"

"करतो!" मी म्हणालो, पण भट्टी तापलेली असताना माणूस उठणार कसा?

मंगळवारी सकाळी खिडकीबाहेर पाहिलं. जून लागला होता, आणि वीज केंद्राच्या धुराड्यांमागे काळं आभाळ उभं होतं. कोल यार्डातल्या माणसाला काळं आभाळ दिसलं की कविता सुचत नाही, साठा आठवतो. ओला कोळसा चुटीत, म्हणजे तो खाली सोडायच्या घसरणीत, असा चिकटतो की सब्बल घेऊन ठोकत बसावं लागतं. म्हणून पावसाआधी भरून घ्यायचा, हे माझ्या हाडात बसलेलं. मी खेळातल्या बाजारात कोळशाचा भाव पाहिला. पाच नाणी. गुरुवारी लागणारच होता, मग आजच का नको?

जिवतीहून आलेल्या माझ्या सासूबाई शेजारी बसून हे सगळं टीव्हीवरच्या मालिकेसारखं पाहत होत्या. त्यांनी लगेच दुजोरा दिला. "बराबर हाय, जवाईबापू. आमच्या इकडं बी पाऊस लागाच्या आंधीच सरपण भरून ठेवते."

"अवो, पाऊस बाहेर हाय," मंदा म्हणाली. "काम्प्युटरात कुठी पडते?"

"याले नियोजन म्हणते," मी म्हणालो आणि हजार ढेकळं घेतली.

भाव सहा झाला. आणखी घेतली, तर आठ! माझ्या कपाळावर घाम आला. "पाह्यलं? भाव वाढून राह्यला! म्हणजे टंचाई आली!"

"टंचाई कोण करून राह्यलं?" मंदाने विचारलं.

"व्यापारी!" मी दात-ओठ खात म्हणालो आणि बाजारात उरलेला सगळा कोळसा उचलला.

बुधवारी नवा माल येईल तसा मी घेत गेलो. पैसे कमी पडले, म्हणून तयार कांबी विकल्या. त्या संपल्या, म्हणून शिल्लक कच्चं लोखंडही विकलं. कोठार काठोकाठ भरलं. सासूबाईंचा उत्साह तर माझ्याही पुढे गेला. "तो घोडा काऊन उभा हाय तिथी? इका त्याले. तेवढ्या जागेत दोन गाड्या कोळसा मावते!" खेळातला तो घोडा पायलचा लाडका. मी त्याला हात लावला नाही. त्या आठवड्यातलं शहाणपण म्हणाल तर तेवढंच!

दुपारी हिशेब पाहिला. कोळसा नऊ हजार ढेकळं, नाणी तीन, कच्चं लोखंड शून्य. मंदा माझ्या खांद्यावरून वाकून बघत होती.

"म्हणजे सरपण भरलं घरभर," ती म्हणाली, "अन् शिजवाले तांदूळ कुठी हाय?"

मी घाईघाईने थोडा कोळसा विकायला गेलो, तर पडद्यावर लाल पट्टी! बेसुमार साठेबाजीबद्दल पायलच्या खात्याला बाजारात मनाई, रविवारी दुपारी बारापर्यंत. खाली जगभरचे लोहार बोंबलत होते. कोणीतरी लिहिलं होतं, "भाई, सारा कोयला कौन खा गया?" मी हळूच कॉम्प्युटर बंद केला.

गुरुवार ते शनिवार मी काय केलं ते विचारू नका. जेवण गोड लागेना. पोरीने तीन वर्षांत पहिल्यांदा माझ्यावर काही सोपवलं होतं. एरवी आमचं बोलणं 'जेवली का' आणि 'पेट्रोल टाक' यापलीकडे जात नव्हतं. आणि मी तिच्या मेहनतीवर कोळसा टाकून बसलो होतो. मला खरंच फार वाईट वाटत होतं.

रविवारी साडेअकराला पायल आली. उन्हाने रापलेली, पाठीवर बॅग. मी पाण्याचा तांब्या घेऊन दारातच उभा राहिलो.

"पायल, एक सांगायचं होतं. मी थोडंसं डोकं लावलं."

तिने बॅगही न काढता कॉम्प्युटर उघडला. कोठार पाहिलं. तिचा चेहरा पडला. "बाबा... आज संध्याकाळी जायचं होतं ना वो आमाले..."

मी तांब्यातलं पाणी स्वतःच पिऊन टाकलं.

मग तिने बाजारभाव पाहिला आणि खुर्चीत सरळ झाली. "बाबा! कोळसा तेवीसवर हाय!"

"मंग?"

"मंग काय मंग! नवा येते तो बी लगेच उडते, कोणापाशी कोळसाच नाई! अन् कोळशाबिगर पोलाद बंद, म्हणून कच्चं लोखंड कोणी घेऊन नाई राह्यलं. मातीमोल झालं ते!"

बाराच्या ठोक्याला मनाई उठली. तिने अर्धा कोळसा विकला. नाणी इतकी आली की सासूबाईंनी पडद्याला हात जोडले! त्या नाण्यांत स्वस्त लोखंड घेतलं, उरलेला कोळसा पोलादाला. मग यार्डासारखी पाळी लावली: पायल, मी, मंदा, सासूबाई. (सासूबाईंचा वेग सर्वांत जास्त होता.) पाचला पडद्यावर साठावी पायरी झळकली आणि माझ्या छातीवरचा धोंडा उतरला. अर्धा किलोचा श्वास सोडला मी!

मैत्रिणींनी विचारलं, हे नियोजन कोणाचं? पायल माईकवर म्हणाली, "माझ्या बाबाचं. त्यायले कोळशातलं सगळं समजते." मी गंभीर चेहरा करून मान हलवली. पाप कबूल करायची ती वेळ नव्हती.

"मंदा, शिरा कर!" मी फर्मान सोडलं.

"करते," आतून आवाज आला. "पण सिलिंडर आता संपलं. अन् सोमवारी सांगतलेलं बुकिंग तुमी केलंच नाई."

मग काय! शेजारच्या क्वार्टरची कडी वाजवली. शेजारी माझ्याच यार्डातले. त्यांनी भरलेलं सिलिंडर दारापर्यंत ओढत आणलं आणि विचारलं, "काऊन भाऊ, पावसाळा तोंडावर आला, अन् घरी काहीच साठा नाई ठेवला?"